देवाजीच्या घणाची हळद

लोकं म्हणते, रुखमा मुकादमीन येडी झालती, तिनं घणाचं लगन लावलं. लगन नाई लावलं बापा! हळद लावली. लगन अजून लागलंच नाई. तो घण आजही माह्या घरी दारामागं बिनलगनाचा उभा हाये. अर्धवट ऐकाचं अन् गावभर सांगत फिराचं, ही लोकाइची जुनीच खोड. म्हणून आता मीच सांगते. मधात कोणी तोंड घालाचं नाई.

सन अठ्ठ्याण्णवचा उनाळा होता. चिमूरच्या पुढं जंगलाच्या कडेकडेनं रस्ता जाते, त्याच्यावर गोटे फोडून गिट्टी कराचं काम चालू होतं. बावीस माणसं, अन् त्याइच्यावर मी मुकादम. बाई मुकादम म्हणून पहिले आठ दिवस सारे दात काढत. नवव्या दिवशी मी शिट्टी आणली, मंग दात आत गेले. बावीसपैकी एकवीस माहं ऐकत. बाविसावे होते माहे सासरे, देवाजी मामाजी.

आता तुम्हीच सांगा, सुनेनं सासऱ्याले कसं म्हणाव, का उठा, सावलीत बसा? घरी ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाई, त्याच्या कानाशी शिट्टी कशी वाजवाची? मी वाजवली का मामाजी मुद्दाम दोन घाव जास्त घालत. साठी ओलांडलेली, अंगावर मांस म्हणाल तर चिमणीएवढं. पण चाळीस वर्षं गोटा फोडलेला माणूस. घणाले धावड्याच्या लाकडाचा दांडा, स्वतःच्या हातानं तासलेला. त्याले दुसऱ्या कोणी हात लावला का म्हातारा जेवत नसे.

त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात हेच मामाजी कामावर पडले होते. दुपारचे दोन वाजले असन. अंगाचा घाम बंद झाला, कातडी तव्यावानी तापली, अन् समोरच्या गोट्याले हे हात जोडून म्हणू लागले, "पाव्हणे, उभे काऊन? बसा ना!" आम्ही हासलो. हासाचं नव्हतं, पण तवा कोणाले समजते? दुसऱ्या घडीले म्हातारा धपकन आडवा. तीन दिवस दवाखान्यात सलाईन लागली. डाक्टरीण बाईनं मले बाजूले घेतलं अन् बोलली, "या वेळी वाचले. पुन्हा असे पडले तर मी काही सांगू शकत नाही. बारा ते चार उन्हात जाऊ देऊ नका. तहान लागो न लागो, पाणी पाजत राहा."

माहा नवरा अश्वजित तिकडं दूर खाणीवर कामाले, महिन्यातून एकदा घरी येणारा. म्हणजे म्हातारा जगवाचा जिम्मा माह्यावर. अन् खोटं काऊन बोलू? कितीही भांडकुदळ असला तरी तो म्हातारा मले जिता पाहिजे होता. लगन होऊन आली तवापासून मले 'बाई' सोडून दुसऱ्या शब्दानं हाक मारली नाई त्यानं.

त्याइले घरी ठेवून पाह्यलं. मी निघाली का मागून पायी येऊन हजर. पाणी पाजाले गेली तर म्हणे, "मी का म्हैस हाव का?" उन्हावर त्याइचा एकच इलाज, खिशात कांदा. "कांदा खिशात असला का ऊन जवळ येत नाई." बरं, कांदा तरी खिशात राहाव ना! दहा वाजता भाकरीसंग खाऊन टाकत. मी म्हटलं, "मामाजी, कांदा तर गेला." तर म्हणे, "गेला कुठी? पोटात हाये. खिशापेक्षा जवळच झाला ना!" एक दिवस मी घण लपवला. तर हे बाजूच्या गिट्टी फोडणाऱ्या लच्छूचा घण घेऊन बसले, अन् लच्छू बिचारा दिवसभर हात चोळत बसला.

अन् हे एकट्या म्हाताऱ्याचं असतं तर एक गोठ. पण देवाजीच्या घणाचा ठण ठण आवाज चालू असला का बाकीचे एकवीस सावलीत कसे बसन? लच्छू म्हणे, "साठीचा माणूस उन्हात, अन् आपण झाडाखाली लोळाचं? उद्या बायको घरात घेईन का?" चालले सारे मागं मागं. ठण ठण, ठण ठण. मी शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मंग एक दिवस रस्ते खात्याचा साहेब आला. जिपीतून उतरला, डोक्यावर रुमाल टाकला अन् म्हणाला, "मजुरांना दुपारी बारा ते चार सावली पाहिजे. मांडव घाला." एवढं बोलून सावलीसाठी परत जिपीत बसला. ठेकेदारानं चिमूरच्या बाबूभाईले निरोप धाडला. बाबूभाईचं मंडपाचं दुकान. माणूस देवमाणूस, पण मे महिना म्हणजे लगनाचा हंगाम. साधं कापड सारं गावोगाव गेलेलं. उरला होता तोच मांडव तो टेम्पोत भरून घेऊन आला.

माय वं! लाल-पिवळी झालर, कागदाची फुलं, समोर कमान, अन् कमानीवर चमकीच्या अक्षरात 'वऱ्हाडी मंडळींचे हार्दिक स्वागत'. वरून लाल मखमलीच्या दोन खुर्च्या, हात टेकाच्या जागी शेराची तोंडं.

मी म्हटलं, "बाबूभाई, हे का गा? इथी गिट्टी फोडून राह्यलो आम्ही."

"रुखमाबाई, सावली तो सावली होती है," बाबूभाई म्हणाला. "लाल कपडे की सावली क्या गरम लगती है?"

लागत होती ना. म्हणून आम्ही कापडावर पळसाच्या फांद्या टाकल्या, बाजूनं जांभळाचा पाला बांधला. झाला मांडव थंडगार. अन् पक्का लगनाचा! दुसऱ्याच दिवशी भर दुपारी एक वऱ्हाडाचा टेम्पो रस्ता चुकला अन् सरळ कमानीखाली येऊन थांबला. चाळीस माणसं उतरली, आमचं सारं पाणी पेली, एका बुढीनं माह्या कपाळाले कुंकू लावलं अन् विचारलं, "नवरी कुठी हाये?" मी म्हटलं, "नवरी नाई वं माय, गिट्टी हाये." बुढी अशी रागावली! म्हणे, नवरी पळाली तर सरळ सांगाव.

एवढं होऊनही आमची माणसं मांडवात बसत नव्हती. ठण ठण चालूच. पण एक गोठ माह्या नजरेत आली. मामाजी घण उचलत तवा त्याइचा डोळा गोट्यावर नसे, मखमलीच्या खुर्चीवर असे.

त्या खुर्चीमागं सतरा वर्षांची कथा हाये. माहं अन् अश्वजितचं लगन झालं सामुदायिक मेळाव्यात. एका मांडवात एकवीस जोडपे, आमचा नंबर चौदा. घाईत सारं उरकलं. एकवीस नवरदेवाचे एकवीस बाप, अन् खुर्च्या होत्या पाच. मामाजी लगन लागेपर्यंत एका पायावरून दुसऱ्या पायावर उभे. तवापासून कुठंही लगन असो, पंगतीत बसले का सुरू, "माह्या एकुलत्या एका पोराच्या लगनात मले बसाले कोणी खुर्ची नाई देली हो!" सतरा वर्षं ऐकून ऐकून माहे कान किटले होते.

आमच्यात पाणी पाजाचं काम धुरपताबाईकडं होतं. ती मांडवात आपल्या घागरी मांडून बसे अन् कुरकुर करे, "मुकादमीन बाई, रिकामा मांडव चांगला नाई. मांडव घातला का त्याच्यात कोणाले तरी हळद लागाले पाहिजे."

मी म्हटलं, "आमच्यात असं काई मानत नाई."

"तुमच्यात हळद तरी लावते ना?"

"लावते."

"मंग हळद लागलेला नवरदेव उन्हात जाते का?"

मी तिच्याकडं पाह्यलं. मंग घणाकडं पाह्यलं. मंग खुर्चीकडं. अन् माह्या डोस्क्यात जो उजेड पडला म्हणता! तिथंच धुरपताबाईचा मुका घेतला. ती बिचकून घागरीमागं लपली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराले मी पदर नीट घेतला, मामाजीसमोर उभी राह्यली अन् म्हटलं, "मामाजी, तुमच्या घणासाठी स्थळ आलं."

म्हाताऱ्यानं घण खाली ठेवला. "कोणासाठी?"

"घणासाठी. धुरपताबाईची मोठी घागर. पोरगी मातीची हाये पण थंड स्वभावाची. घराणं पाण्याचं."

लच्छू हासून हासून गिट्टीवर लोळला. मामाजी गरजले, "मुकादमीन, डोस्कं फिरलं का तुह्यं? आपण छप्पन साली दीक्षा घेतली तवाच हे सारं सोडलं. मुहूर्त नाई, भट नाई, थोतांड नाई!"

"मुहूर्त नाई, भट नाई, मंत्र नाई," मी म्हटलं. "निस्ती हळद. अन् नवरदेवाच्या बापाले बसाले खुर्ची."

म्हाताऱ्यानं खुर्चीकडं पाह्यलं. मंग घणाकडं. मंग मिशीवरून हात फिरवून विचारलं, "कोणती? डावी का उजवी?"

धुरपताबाईनं घणाले हळद लावली. बायाइनं लगेच गाणं जुळवलं, "नवरदेव काळा, डोकं लोखंडाचं, सासू म्हणे माय, जेवण का गोट्याचं!" मामाजी मखमलीच्या खुर्चीवर असे बसले, का शेराची तोंडं त्याइचीच वाटत. अर्ध्या घंट्यानं सवयीनं घणाकडं हात गेला. नवरीची माय म्हणून धुरपताबाई ओरडली, "अगा इवाई! हळदीचं पोरगं उन्हात नेता? लोकं का म्हणन?" हात मागं आला. ठण ठण बंद झाली. देवाजी बसले तसा लच्छू बसला, लच्छू बसला तशे सारे बसले. मी मांडवाच्या बाहेर उभी राहून आकाशाकडं पाह्यलं अन् मनातल्या मनात नाचली.

मंग रोजचा नेमच झाला. सकाळी सहाले काम, साडेअकराले हळद, चारले नवरदेवाची आंघोळ, अन् पुन्हा काम. पाण्याचाही प्रश्न सुटला. मी देलेलं पाणी म्हातारा म्हशीचं म्हणे, पण ईनबाईनं, विहीण ना ती, पुढं केलेला गिलास इवाई कसा परत करन? तो तर अपमान! धुरपताबाई दर अर्ध्या घंट्याले गिलास घेऊन हजर. कधी पाणी, कधी मीठ-गूळ घातलेलं कैरीचं पन्हं, कधी आंबील. एकदा मामाजी मले हळूच म्हणाले, "बाई, मान लय होऊन राह्यला. दर घडीले झुडपामागं जाव लागते."

"मानाच्या माणसाले जावच लागते, मामाजी," मी म्हटलं.

आता अडचण अशी, का हळद लागली म्हणजे पुढं लगन आलं. लगन लागलं का नवरदेव मोकळा, अन् म्हातारा उन्हात. नवतपा तर अजून यायचा होता, ते नऊ दिवस म्हणजे आमच्याकडं जमीन भाकर भाजते. म्हणून मले रोज लगन मोडाव लागे. एक दिवस मी मुद्दाम इवायाचा चहा थंड करवला, मामाजी रुसले, लगन पुढं गेलं. एक दिवस ईनबाईनं नवरदेवाले 'बुटका' म्हटलं. एक दिवस मामाजीनं स्वतःच घणासाठी सायकल मागतली. धुरपताबाई म्हणे, "पाय कुठी हाये त्याले?" त्याच्यावर तीन दिवस बोलणं बंद. मले काईच कराव लागलं नाई. लच्छूनं नवरदेवाले पळसपानाचं बाशिंग बांधलं अन् रोज म्हणे, "उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग. याले गुडघाच नाई, म्हणून डोक्याले बांधलं."

मधात बाबूभाई मांडव न्यायाले आला, भिसी गावच्या लगनासाठी. मामाजी खुर्चीतून उठलेच नाई. "आमचं कार्य चालू हाये, भाऊ." बाबूभाईनं घण पाह्यला, घागर पाह्यली, हळद पाह्यली, अन् मले बाजूले नेऊन विचारलं, "बाई, किसी को धूप लगी क्या?" मी सारं सांगतलं. मागच्या वर्षीचं पडणंही सांगतलं. बाबूभाईचा चेहरा बदलला. मांडव तिथंच ठेवला, भिसीले दुसरीकडून सोय केली. वरून नवरीचा मामा म्हणून एक बर्फाची लादी आणून देली, अन् रोज दुपारी टेम्पो घेऊन चक्कर माराले लागला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणते, इथी मामानं धाडला बर्फ.

आता खरी गोठ ऐका. नवतप्याचा चौथा दिवस. सारे मांडवात. अन् मी? मी कुठी बसली होती? दुपारीच तर मले साऱ्याइचे गिट्टीचे ढीग मोजाचे राहत, तवा त्याइच्यापाशी कोणी नसे ना! टेप घेऊन इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोण पेलं, कोण नाई पेलं, बावीस जणाइचा हिशोब माह्या डोस्क्यात, अन् त्याच्यात तेविसावं नावच नव्हतं. दुसऱ्याले सांगे ब्रह्मज्ञान अन् आपण कोरडे पाषाण!

पुढचं मले आठवत नाई, लोकाइनं सांगतलं. मी म्हणे रस्त्यावर उभ्या रोड रोलरसमोर गेली, शिट्टी वाजवली अन् त्याले म्हटलं, "अबे ढोल्या, किती सांगाव तुले? चाल सावलीत! पाणी पे!" मांडवात सारे हासाले लागले. मुकादमीन रोलरशी भांडून राह्यली, हासणार नाई तर का?

एकटे मामाजी हासले नाई. त्याइले गोट्याचा पाव्हणा आठवला. खुर्ची मागं उलटवून म्हातारा उन्हात पळाला. मी खाली पडाच्या आत त्याइनं मले धरलं. आपलं अंग चिमणीएवढं, पण मले उचलून मांडवात आणलं. धुरपताबाई म्हणे, "बर्फ सरला, बाकी घागरीही रिकाम्या, डबक्यातून पाणी आणू का?" मामाजीनं काई ऐकलं नाई. समोर हळदीकुंकवाची, हार घातलेली नवरी घागर होती, काठोकाठ भरलेली. सूनच ती त्याइची. दोन्ही हातानं उचलली अन् पुरी माह्या अंगावर उपडी केली. लुगडं, केस, मान, सारं ओलं. बायाइनं ओले दुपट्टे काखेत अन् मानेवर ठेवले. मामाजी आपल्या धोतराच्या सोग्यानं वारा घालत, अन् ओरडत, "बाई! वो बाई! डोळे उघड वो!" घागर हातातून सुटून फुटली होती.

बाबूभाईच्या टेम्पोत टाकून मले चिमूरच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आली तवा सलाईन लागलेली, अन् खाटेपाशी मामाजी उभे. बाजूले स्टूल होतं, पण म्हातारा उभाच. डोळे लाल. मी म्हटलं, "मामाजी, बसा ना." तर म्हणे, "तू बोलून राह्यली ना, तेच पुरे. बोलत राह्य." अन् तोंड फिरवून रडले. सतरा वर्षांत मी त्याइले रडताना पाह्यलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी कामावर गेली. डाक्टरीण बाईनं नाई म्हटलं होतं, पण माहं डोस्कं माह्या सासऱ्यावर गेलं ते तुम्हाले माहीतच हाये. मनात धाकधूक होती. घागर फुटली, लगन मोडलं, आता म्हाताऱ्याले कोण अडवन? साडेअकरा वाजले. मी गळ्यातली शिट्टी काढली.

"ठेव ते," मामाजी बोलले.

घण मांडवात अगोदरच हळद लावून ठेवला होता. धुरपताबाई हळदीची वाटी घेऊन माह्याकडं आली. मी म्हटलं, "हे का वं?" तिनं माह्या दोन्ही गालाले हळद फासली, कपाळाले, हाताले. मामाजीनं माह्या हातातला टेप घेतला, त्यालेही हळदीचं बोट लावलं, अन् शिट्टीलेही.

"तुह्या लगनात घाई झाली," मामाजी म्हणाले. "चौदा नंबर. हळद लागलीच नव्हती तुले. मी सतरा वर्षं माह्या खुर्चीचं रडत राह्यलो. पण तू तरी कुठी बसली होती बाई त्या दिवशी? उभीच होती ना? अन् तवापासून उभीच हाये."

मी भांडकुदळ बाई, पण डोळ्यातून पाणी चाललं अन् हळद ओली होऊन मानेवर उतरली.

मामाजीनं आपली मखमलीची खुर्ची खांद्यावरच्या पंच्यानं पुसली. मले दंडाले धरून तिच्यावर बसवलं. गिलासात पाणी भरून हातात देलं, अन् स्वतः घणाजवळ जमिनीवर मांडी घातली.

मी उठाले गेली, "अजी मामाजी, ढीग मोजाचे..."

"बस!" म्हातारा गरजला. "हळद लागलेली बाई उन्हात जात नाई."

मी पाणी पेली, अन् चार वाजेपर्यंत उठली नाई.